मंडईपुरता उरलेला साहेब

मुंबईत टॅक्सीवाल्याला महात्मा जोतिबा फुले मंडईत जायचे आहे असे सांगून पाहावे. तो क्षणभर विचार करील, मग मान डोलावून म्हणेल, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच ना? पाटी बदलून कित्येक दशके झाली, कागदोपत्रीही नवे नाव रुळले. पण मुंबईकराच्या जिभेवरचे नाव काही बदलले नाही. गिरगावातले कुटुंब हंगामाची पहिली हापूसची पेटी बघायला इथेच येते, लालबाग-परळची मंडळी गणपतीच्या आराशीचे सामान घ्यायला इथल्याच गल्ल्या पालथ्या घालतात आणि दादरच्या घरातली दिवाळीची तोरणेही बहुधा याच परिसरातून आलेली असतात. इतक्या पिढ्या ज्याचे नाव घेत आल्या तो क्रॉफर्ड होता कोण, असे विचारले तर मात्र दहांतले नऊ जण सांगतील, असेल कुणी तरी गव्हर्नर.

तो गव्हर्नर नव्हता, सेनापती नव्हता, व्यापारीही नव्हता. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा नगराचा कारभारी होता. मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. ज्या खुर्चीवर आजचे पालिका आयुक्त बसतात, ती खुर्ची प्रथम त्याच्यासाठी मांडली गेली. त्या खुर्चीत बसून त्याने अवघ्या सहा वर्षांत शहराचा चेहरा बदलला आणि तिथूनच त्याची घसरणही सुरू झाली. कर्तबगारी आणि बेबंदपणा एकाच माणसात किती जवळजवळ नांदू शकतात, याचे इतके बोलके उदाहरण मुंबईच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

क्रॉफर्डचा जन्म १८३५चा. १८५४ मध्ये तो मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत दाखल झाला. पुढे ज्या कोकणाच्या दंतकथांवर त्याने पुस्तक लिहिले, त्या कोकणाशी त्याची ओळख नोकरीतच झाली. कचेरीत बसून कागदांवर शेरे मारण्यापेक्षा घोड्यावर मांड ठोकून मुलूख पाहणारा, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारा, झटपट निर्णय घेणारा असा हा अधिकारी होता. हौशी आणि उधळा, हेही त्याच स्वभावाचे दुसरे अंग. मुंबईला अशा माणसाची गरज भासू लागली ती १८६० नंतर.

त्या वेळच्या मुंबईचा कारभार म्हणजे बारभाईचा कारभार होता. १८४५ मध्ये शहराच्या साफसफाईसाठी कॉन्झर्व्हन्सी बोर्ड नेमले गेले. १८५८ मध्ये ते मोडून तिघा कमिशनरांच्या हाती सूत्रे देण्यात आली. तिघांची तोंडे तीन दिशांना. शहर मात्र कुणासाठी थांबत नव्हते. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि पैशामागून माणसांचाही. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. विहारचे पाणी १८६० मध्ये शहरात आले होते खरे. पण गटारे उघडी, गल्ल्या अरुंद, मैल्याची व्यवस्था जुनीच आणि पटकी दरसाल घरची पाहुणी. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचा तट पाडायला घेऊन शहराला मोकळा श्वास घेऊ दिला होता. त्या मोकळ्या झालेल्या शहराला शिस्त लावणारा कुणी तरी हवा होता.

१८६५ च्या कायद्याने ती सोय केली. शहरातल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींची मिळून एक संस्था झाली; पण हे जस्टिस सरकारने नेमलेले, लोकांनी निवडलेले नव्हेत. त्यांनी अंदाजपत्रक मंजूर करायचे, एवढाच त्यांचा मुख्य अधिकार. बाकी सारी अंमलबजावणी एकट्या कमिशनरच्या हाती. मदतीला एक कार्यकारी अभियंता, एक आरोग्य अधिकारी आणि हिशेबांवर लक्ष ठेवायला एक नियंत्रक. जुलै १८६५ मध्ये क्रॉफर्ड या पदावर आला तेव्हा त्याचे वय होते तीस. आणि त्याच जुलैच्या आरंभी मुंबईचा शेअरबाजार कोसळला! अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव गडगडले, वायद्यांचे दिवस भरले आणि काल लक्षाधीश असलेली घराणी आज दिवाळखोर ठरली. तेजीच्या दिवसांत कल्पिलेले पद मंदीच्या पहिल्याच महिन्यात सुरू व्हावे, हा क्रॉफर्डच्या वाट्याला आलेला पहिला दैवदुर्विलास. त्याच्या पुढच्या साऱ्या कहाणीचे बीज यातच आहे.

दुसऱ्या कुणी हात आखडता घेतला असता. क्रॉफर्डने बाह्या सरसावल्या. डॉ. हेवलेट हे आरोग्य अधिकारी आणि कॅप्टन टुलॉक हे अभियंता अशी जोडी हाताशी घेऊन त्याने शहर उकरायला काढले. तुंबलेली गटारे साफ झाली, दलदलीचे भाग भरले जाऊ लागले, रस्ते रुंद होऊ लागले. ऑक्टोबर १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले आणि ते पेटवीत जाणाऱ्या माणसामागे पोरांचा घोळका धावू लागला. शहराच्या मधोमध जनावरे कापली जात; ते कत्तलखाने १८६७ मध्ये उचलून वांद्र्याला नेण्यात आले. मैला उचलण्याचे काम मात्र पूर्वीप्रमाणे हलालखोरांच्याच डोक्यावर राहिले. क्रॉफर्डच्या स्वच्छ मुंबईचा खरा भार ज्यांनी वाहिला, त्यांची नावे कुठल्याच इमारतीवर नाहीत, हेही याच जागी नोंदवून ठेवले पाहिजे. पण या साऱ्या खटाटोपाचा परिणाम दिसला. १८६५ साली पटकीने जे थैमान घातले होते, ते पुढच्या काही वर्षांत ओसरले.

आणि मग मंडई. तट पडल्यावर मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडच्या उत्तर टोकाला, जिथे युरोपीय कोट संपतो आणि देशी शहर सुरू होते त्या सांध्यावरच क्रॉफर्डने जागा निवडली. आराखडा विल्यम एमर्सन या तरुण वास्तुशिल्पीचा. पुढे कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमुळे तो जगप्रसिद्ध झाला. प्रवेशद्वारावरची उठावशिल्पे आणि आतले कारंजे जॉन लॉकवुड किपलिंग यांचे. ते शेजारच्या जे. जे. कलाशाळेत शिकवीत आणि त्याच आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी त्यांना मुलगा झाला, तो रुडयार्ड किपलिंग. १८६९ मध्ये इमारत पुरी झाली. लोखंडी कैच्यांचे उंच छप्पर, खाली खेळती हवा, पायाखाली स्वच्छ फरशी, फळांना एक भाग, भाजीला दुसरा, मांसमच्छीला वेगळा. भाजी चिखलात पसरून विकायची नसते, ती ओट्यावर मांडून विकायची असते, ही गोष्ट मुंबईकर इथे प्रथम शिकला. बाजारहाट हासुद्धा सार्वजनिक आरोग्याचाच भाग आहे, हे क्रॉफर्डला पक्के उमगले होते. मंडईला नाव मिळाले ते त्याचेच. तो पदावर असतानाच इमारत पुरी झाली होती, त्यामुळे स्वतःचे स्मारक त्याला डोळ्यांनी पाहायला मिळाले. असे भाग्य फार थोड्यांचे असते आणि ते नेहमीच शुभ असते असे नाही.

कारण हिशेबाची वही वेगळेच बोलत होती. बाजार बुडाल्यावर माणसे शहर सोडून जात होती. १८७२ च्या शिरगणतीत लोकसंख्या भरली ६,४४,४०५. म्हणजे आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास, जवळजवळ पाचातला एक माणूस कमी झाला. कर भरणारे घटले आणि कर मात्र वाढत गेले. घरपट्टी होती, पोलीस आणि दिवाबत्तीचा कर होता, गाड्याघोड्यांवरचा कर होता. ज्या घरमालकाची भाडी निम्म्यावर आली, त्याला नव्या रस्त्याचे कौतुक ते काय असणार? क्रॉफर्डची रीत अशी की काम आधी सुरू करायचे, मंजुरी मागाहून घ्यायची. अंदाज एक, खर्च दुसरा. जस्टिस मंडळींपुढे आकडे येत तेव्हा पैसा खर्च होऊन गेलेला असे. हिशेबांचा नियंत्रक नावापुरता. शेवटी पालिकेवर कर्जाचा डोंगर उभा राहिला आणि १८७१ मध्ये करदात्यांच्या संतापाचा स्फोट झाला.

टाउन हॉलमध्ये सभा गाजू लागल्या. जेम्स फोर्ब्ज यांच्यासारखे युरोपीय व्यापारी आणि नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखे देशी पुढारी एका बाजूला आले. ही गोष्ट त्या काळात दुर्मीळ होती. फोर्ब्ज यांची मागणी अशी की कमिशनरच्या हातून सत्ता काढून ती एका नगरमंडळाकडे द्यावी. क्रॉफर्डची बाजू घेणे म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणे. अशा वेळी नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर उभा राहिला आणि त्याने प्रवाहाविरुद्ध निबंध वाचला. श्रोत्यांनी गोंधळ घातला, हुर्यो उडवली. पण त्याने आपले म्हणणे सोडले नाही. त्याचे नाव फिरोजशहा मेहता.

फिरोजशहांचा मुद्दा आजही मुळातून समजून घेण्यासारखा आहे. त्यांनी क्रॉफर्डची उधळपट्टी नाकारली नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की शहर सुधारले ते एका हाती अंमल होता म्हणून. आणि पैशाचा विचका झाला तो अंमल एका हाती होता म्हणून नव्हे, तर त्या हातावर कुणाची खरी नजर नव्हती म्हणून. सरकारने नेमलेले जस्टिस कुणालाच जबाबदार नव्हते, मग ते कमिशनरला जाब कसा विचारणार? तेव्हा बारा जणांच्या हाती कारभार देऊन पुन्हा जुना गोंधळ माजवू नका. अंमलबजावणी एकाकडेच ठेवा. पण त्याच्यावर करदात्यांनी निवडून दिलेल्या सभेचा वचक बसवा. पैसा ज्यांचा, पहारा त्यांचा. भारतातल्या नागरी स्वराज्याची ही पायाभूत मांडणी होती आणि ती करण्याचे निमित्त झाला क्रॉफर्डचा बेहिशेबीपणा.

क्रॉफर्डला पद सोडावे लागले. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका ठरली. त्यांतले ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिसांनी निवडलेले आणि १६ सरकारने नेमलेले. १८७३ मध्ये ती अस्तित्वात आली. आपण निवडलेला माणूस आपल्या शहराच्या पैशाचा हिशेब मागतो, हा अनुभव मुंबईकराने घेतला तो तेव्हा. एका अर्थाने मुंबईला महापालिका दिली ती क्रॉफर्डच्या चुकांनीच, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

एखाद्याची गोष्ट इथे संपती. क्रॉफर्डची संपली नाही. सनदी नोकरीची मुळे खोल असतात. मुंबईतून उठलेला हा अधिकारी पायऱ्या चढत राहिला आणि १८८० नंतरच्या दशकात पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर झाला. महाराष्ट्राच्या ऐन गाभ्यातले जिल्हे त्याच्या हुकमतीत आले. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या, बदल्या यांवर त्याच्या शब्दाचे वजन पडू लागले. राहणीमान राजेशाही, पगार अपुरा, कर्ज मागे लागलेले. हळूहळू कुजबूज सुरू झाली की बदली हवी तर साहेबांच्या माणसाला भेटावे. हा माणूस म्हणजे हणमंतराव. मोबदला त्याच्याकडे पोचवायचा, काम साहेबांकडून व्हायचे, असे बोलले जाई.

गव्हर्नर लॉर्ड रे यांनी हे प्रकरण दाबले नाही. पोलीस खात्याचे प्रमुख ओमॅनी यांच्याकडे तपास सोपवण्यात आला. १८८८ च्या उन्हाळ्यात हणमंतरावाला अटक झाली, खटला चालला, शिक्षाही झाली. क्रॉफर्डला निलंबित करण्यात आले. तेव्हा या पन्नाशी ओलांडलेल्या साहेबाने पुण्यातून गुपचूप निसटण्याचा प्रयत्न केला आणि तो पकडला गेला मुंबईत! ज्या शहरात त्याच्या नावाची मंडई दिमाखाने उभी होती, त्याच शहरात.

मग कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर्थर विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली तिघांचे चौकशी मंडळ पुण्यात बसले. साक्षी द्यायला मामलेदार हवे होते. पण लाच दिली असे कबूल करणे म्हणजे स्वतःच्या मानेवर सुरी ठेवणे. म्हणून सरकारने अभय दिले. खरे सांगा, तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही, असे वचन मिळाले. त्या वचनावर विसंबून मामलेदार पुढे आले. महिनोन् महिने सुनावणी चालली आणि निकाल लागला तो असा की लाचलुचपतीच्या आरोपांतून क्रॉफर्ड सुटला. हाताखालच्या मुलुखातल्या लोकांकडून कर्जे काढल्याचा दोष तेवढा सिद्ध झाला. लॉर्ड रे यांच्या सरकारला हा निष्कर्ष पटला नाही. लंडनच्या भारतमंत्र्यांनी मधला मार्ग काढला. लाचेचा ठपका नाही. पण कर्जे काढल्याबद्दल नोकरीतून बडतर्फी.

साहेबाची नोकरी गेली, पण तुरुंग टळला. पाळी आली ती मामलेदारांवर. लाच दिल्याचे कबूल करणारे अधिकारी न्यायासनावर कसे बसू शकतात, असा गिल्ला इंग्लंडमध्ये सुरू झाला. प्रश्न वरवर पाहता रास्त होता. पण ज्यांना अभयाचे वचन देऊन बोलते केले, त्यांनाच त्यांच्या बोलण्याबद्दल घरी पाठवायचे, हा कुठला न्याय? कमिशनरने मागितले तर मामलेदाराने काय करायचे होते? पैसे दिले नाहीत तर घरापासून शेकडो मैलांवर बदली, बढती कायमची अडलेली. दिले तर कर्ज आणि काळी सदसद्विवेकबुद्धी. या माणसांची बाजू पुण्यात कुणी तरी उचलायला हवी होती. ती उचलली तेहतीस वर्षांच्या बाळ गंगाधर टिळकांनी. १ सप्टेंबर १८८९ रोजी पुण्यात जाहीर सभा झाली. कायद्याची आणि पूर्वीच्या दाखल्यांची तयारी टिळकांनी केली होती. केसरी आणि मराठा या पत्रांतून हल्ला सुरू झाला. इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी पार्लमेंटात हा विषय लावून धरला. सरकारला अखेर मामलेदारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. ते संरक्षण पुरे नव्हते. ज्यांच्यावर जबरदस्ती झाली असे मानले गेले ते वाचले, ज्यांनी लाभासाठी पैसे दिले असे ठरले ते काहीशी भरपाई घेऊन घरी गेले. टिळकांच्या सार्वजनिक जीवनातली ही एक आरंभीची मोठी लढाई. सरकारच्या शब्दाला सरकारनेच किंमत ठेवली पाहिजे, हा तिचा आशय होता.

क्रॉफर्ड नंतर बराच जगला. पुस्तके लिहिली. एका पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींचे पुस्तक १८९४ मध्ये, पुणे आणि दख्खनमधल्या अशांततेविषयीचे १८९७ मध्ये आणि कोकणच्या दंतकथांचे १९०९ मध्ये. वय सत्तरीच्या पुढे गेले, सत्ता गेली, अब्रू गेली. तरी तरुणपणी पाहिलेले कोकण त्याच्या मनातून गेले नव्हते, असे या शेवटच्या पुस्तकाच्या नावावरूनच वाटते. १९११ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

इतिहासाला विनोदबुद्धी असते म्हणतात. ती पाहायची असेल तर १८८८ हे एकच साल घ्यावे. त्या वर्षी क्रॉफर्ड निलंबित झाला. त्याच वर्षी मुंबई महापालिकेचा तो मोठा कायदा संमत झाला, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा हात होता आणि ज्याच्या चौकटीत मुंबईचा कारभार अजूनही चालतो. आणि त्याच वर्षी, ११ मे रोजी, क्रॉफर्ड मार्केटपासून हाकेच्या अंतरावर मांडवीच्या कोळीवाड्यात मुंबईच्या जनतेने जोतिराव फुले यांना महात्मा ही पदवी दिली.

जोतिराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. पुण्यात नवी भव्य मंडई बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा एवढा पैसा दगडविटांत घालण्याऐवजी शिक्षणावर खर्च करा, असे सांगून त्यांनी विरोध केला. तो मानला गेला नाही. १८८६ मध्ये मंडई झाली आणि तिला नाव दिले गेले लॉर्ड रे यांचे. पुढे पुण्याची रे मार्केट झाली महात्मा फुले मंडई आणि मुंबईची क्रॉफर्ड मार्केटही झाली महात्मा फुले मंडई. एक साहेब आरोपी, दुसरा त्याच्यावर कारवाई करणारा. दोघांच्याही मंडयांवर आज नाव आहे ते मंडईच्या खर्चाला विरोध करणाऱ्या माणसाचे! मुंबईच्या मंडईसमोरून जाणाऱ्या कारनॅक रोडचे नावही आता लोकमान्य टिळक मार्ग आहे. म्हणजे क्रॉफर्डच्या उंबरठ्यावर कायमचा पहारा बसला आहे तो मामलेदारांच्या वकिलाचा.

या नामांतरात सूड नाही, न्यायच आहे, असे वाटते. प्रवेशद्वारावरच्या किपलिंग यांच्या शिल्पात शेतकरी कोरले आहेत. त्या शेतकऱ्याच्या आसुडाची भाषा बोलणाऱ्या जोतिरावांचे नाव त्यांच्या डोक्यावर शोभते. घाऊक व्यापार १९९६ मध्ये नवी मुंबईत गेला, तरी ओटे अजून गजबजलेले आहेत. आणि लोक अजूनही क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात, यातही काही वावगे नाही. ती मंडई बांधायची बुद्धी त्याला झाली होती, हे तर खरेच.

क्रॉफर्डला खलनायक ठरवणे सोपे आहे, द्रष्टा ठरवणे त्याहून सोपे. खरा प्रश्न तो कसा होता हा नाही. त्याला अडवायला कोण होते, हा आहे. मुंबईत तो बेफाम खर्च करू शकला, कारण जस्टिस मंडळी कुणालाच जबाबदार नव्हती. पुण्यात त्याच्या नावाने बाजार मांडला गेला असेल, तर बदल्यांचा अधिकार एका माणसाच्या लहरीवर टांगलेला होता म्हणून. दोन्ही ठिकाणी बिल भरले ते इतरांनी. मुंबईत घरपट्टी देणाऱ्यांनी, पुण्यात मामलेदारांनी. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते. रस्ते झाले, पूल झाले, अंदाजपत्रकेही झाली. हिशेब विचारायला निवडून आलेले सभागृह मात्र नव्हते. त्या अधिकाऱ्यांच्या हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी फिरोजशहांनी हुर्यो सोसून जे सांगितले ते त्या काळात कितींना आठवले, हे स्वतःलाच विचारून पाहायला हरकत नाही.

महापालिकेच्या मुख्यालयासमोर फिरोजशहांचा पुतळा उभा आहे. तिथून क्रॉफर्डची मंडई चालत दहा मिनिटांवर. एकीकडे पहारा, दुसरीकडे कर्तबगारी. या दोहोंतले अंतर एवढेच असावे, त्याहून वाढू नये. शहराचे बरे त्यातच असते.